पेटीची आंघोळ

धाकटा भाऊ लष्करी वैमानिक झाला तेव्हा उदगीरभर मिरवलं आम्ही. शेवटच्या सुट्टीत तो जेवताना सहज बोलून गेला, की खर्च आवरायचा म्हणून उड्डाणं कमी केलीत. इंजिन बंद पडलं तर काय करायचं, याचा सराव आता खोलीतल्या नकली विमानातच होतो. तिथं आदळलं तरी बटण दाबलं की पुन्हा सुरू.

दादांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा, घास हातातच राहिला. आम्हा दोघांना ट्रॅक्टर शिकवताना अख्खा हंगाम ते शेजारी बसले होते. चुकलं की पाठीत गुद्दा.

"डिझेल वाचवायला कोन शिकवायचं सोडतं का?" ते म्हणाले. भाऊ हसला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पुढं इंजिन खरंच बंद पडलं. विमान डोंगरावर आदळून पेटलं. वाचवलेलं सगळं तेल एका धडाक्यात वाया गेलं, विमान गेलं आणि माझा भाऊ वेचून गोळा करावा लागला.

पेटी घेऊन हेलिकॉप्टर शाळेच्या मैदानात उतरलं. त्याच्या वाऱ्यानं मांडवाचा बांबू निसटला आणि एका चुलतीचं कपाळ फुटलं. आमच्यात आंघोळ घातल्याशिवाय कुणाला सरणावर ठेवत नाहीत. आईनं तिथंच पाणी तापवून, हळद कालवून ठेवली होती. पण पेटी खिळे ठोकून बंद. सोबत आलेला अधिकारी समजावत होता, की उघडून बघण्यासारखं आत काही राहिलेलं नाही. आईनं तिरंगा उचलून माझ्या हातात दिला आणि पहार घेऊन झाकणावर घातली. चौघांनी तिला धरलं. एकाच्या हाताला ती कडकडून चावली, रक्त निघालं. शेवटी पेटीवरच तिनं कढत पाणी ओतलं, लाकडाला हळद चोळली. तिचे तळवे भाजले तरी थांबेना.

दादांनी पुढचा खांदा दिला. पेटी उचलताच आतलं काहीतरी एका बाजूला घसरलं. सगळ्यांनी ऐकलं. तेवढ्यात मागं हेलिकॉप्टर परत जायला सुरू झालं. दादांनी पेटी खाली ठेवायला लावली आणि अधिकाऱ्याची कॉलर धरली.

"ह्याला आनायला तेल कुठून आलं?"

दादांनी त्याच्या कानफटात ठेवून दिली आणि परत येऊन पेटीला खांदा दिला.