आक्का आणि मागच्या तीन खोल्या

माधवचा फोन आला तेव्हा सोलापुरात आमच्याकडं दुपारची जेवणं नुकतीच उरकली होती. तो एवढंच म्हणाला, "काकू, आई गेली. सकाळी चहा मागितला, आणि मी कप घेऊन येईपर्यंत..." मी तासाभरात तुळजापूरची गाडी धरली. घरी पोचले तेव्हा ओट्यावर माणसं बसली होती, आणि जो तो आक्कांची एकच गोष्ट सांगत होता. पोलिस अॅक्शनच्या वेळी त्यांनी आपल्या मुसलमान भाडेकरणीला आणि तिच्या दोन मुलींना आठ दिवस माजघरात लपवून ठेवलं, ती गोष्ट. गल्लीतल्या एका तरुण मास्तरांनी तर तिच्यावर चार ओळी लिहूनही आणल्या होत्या. गोष्ट खरी आहे. मी त्या माजघरात होते. पण ती अर्धी आहे, आणि उरलेली अर्धी नीट ठाऊक असलेलं माणूस आता मी एकटीच राहिले. आक्का हयात असताना कुणी तो विषय काढला की त्या उठून आत जात. आज दीड महिन्यानं मी हे लिहायला बसले आहे ते त्यांचा मोठेपणा कमी करायला नाही. माणूस पुरतं सांगावं, एवढ्यासाठीच.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी पंधराव्या वर्षी लग्न होऊन तुळजापुरात आले तेव्हा त्या तेवीस-चोवीस वर्षांच्या असतील. सासू-सासरे आधीच गेलेले. थोरले दीर, म्हणजे दादा, निजाम सरकारच्या शाळेत मास्तर होते, पोरांना उर्दूतून गणित शिकवायचे. माझे यजमान सोलापूरच्या एका गिरणीत कारकून होते, तिथं बिऱ्हाड करण्याइतका पगार नव्हता, म्हणून मी आक्कांजवळच राहिले. घर साधंच, देवळाकडं उतरणाऱ्या रस्त्याला लागून. पुढं दोन खोल्या, मधे माजघर, त्यामागं स्वयंपाकघर, आणि मागं भलं मोठं परस. त्या परसात तीन खोल्या बांधून यात्रेकरूंना भाड्यानं द्याव्यात, ही कल्पना दादांची. पुजाऱ्यांकडं त्यांचे त्यांचे ठरलेले यात्रेकरू उतरत, पण ओळख नसलेली माणसं नवरात्रात रस्त्याच्या कडेला चुली मांडत. दादांनी घराची कागदपत्रं शिवलिंगप्पा नावाच्या अडत्याकडं ठेवून कर्ज काढलं आणि दगड-मातीच्या, माळवदाच्या तीन खोल्या उठवल्या. पहिल्या नवरात्रात तिन्ही भरल्या. आक्का दिवसभर भाकऱ्या थापत होत्या, आणि मी त्यांना इतकं हसताना त्यानंतर कधी पाहिलं नाही.

पुढच्या चैत्री पुनवेला पटकीची साथ आली. मधल्या खोलीत एक कुटुंब उतरलं होतं, त्यांची सून आजारी पडली. तिच्या घरची माणसं घाबरून बाहेर बसली, तर दादांनीच तिला पाणी पाजलं, वैद्याला बोलावून आणलं. ती गेली. तिसऱ्या दिवशी दादांना उलट्या सुरू झाल्या, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तेही गेले. सरकारनं यात्रा बंद केली. गावात आमच्या परसातल्या खोल्यांना पटकीच्या खोल्या म्हणू लागले. यात्रा पुन्हा सुरू झाली तेव्हा लोक आमच्या दारावरून पुढं जात, आणि कुणी नवखा आत वळलाच तर शेजारचं कुणीतरी त्याला हळूच बाजूला घेई.

दादांना जाऊन महिना होताच शिवलिंगप्पा आला. ओट्याच्या खाली उभा राहिला, वर ये म्हटलं तरी आला नाही. म्हणाला, "बाई, म्या सावकार न्हाय, अडत्या हाय. माझं बी दुसऱ्याचं देणं हाय. येक साल थांबतो. त्याच्या पुढं माझ्या हातात न्हाय." तो वाईट माणूस नव्हता, हे मला आजही लिहायला हवं. तो खरंच एक वर्ष थांबला, आणि नंतरही दर हप्त्याला थोडंफार थांबतच गेला.

तो येऊन गेल्यावर आक्कांनी चुन्याची पोती आणवली. स्वतः कासोटा घालून तिन्ही खोल्यांना दोनदा चुना दिला, जमीन उकरून नवी माती भरली, आणि एके सकाळी चार वर्षांचा माधव, अंगावर पिणारी कुसुम आणि एक वळकटी घेऊन त्या मधल्या खोलीत राहायला गेल्या. ज्या खोलीत ती बाई गेली, तीच. मी रडले, त्यांच्या पाया पडले, लेकरांना तरी माझ्याजवळ ठेवा म्हणाले. त्यांनी माझा हात सोडवला. "मीच तिथं निजले न्हाई, तर भाडं देऊन कोण निजंल?" एवढंच बोलल्या. सगळा पावसाळा त्या तिथं राहिल्या. परसाचं दार सताड उघडं ठेवून, रस्त्यावरून दिसेल अशा बेतानं उंबऱ्यात बसून जोंधळे निवडायच्या, कुसुमला तिथंच खेळवायच्या. लोकांनी बघावं म्हणून. मला बऱ्याच वर्षांनी त्यांनी सांगितलं, रोज जाग आली की डोळे उघडायच्या आधी त्या दोन्ही लेकरांची कपाळं चाचपायच्या... गार लागली की मग उठायच्या.

दसऱ्याच्या सुमारास तहसिलीत बदलून आलेले एक मुन्शी खोली बघायला आले. रहीमुद्दीन त्यांचं नाव. आक्कांनी काहीही न लपवता सांगितलं की या खोलीत पटकीनं बाई गेली आणि घरातला कर्ता पुरुषही त्यातच गेला. मुन्शीजी टोपी सारखी करत म्हणाले, "मौत तो हर घर में हुई है, आक्का." त्यांनी दोन खोल्या घेतल्या, आणि आक्का लेकरांना घेऊन पुन्हा घरात आल्या. त्यांची बायको खैरूबी आणि बानू, नूरी या दोन मुली आठवड्यानं आल्या. त्यांना राहताना बघून मग तिसरी खोलीही लागली, कधी यात्रेकरूंना, कधी एखाद्या फिरत्या व्यापाऱ्याला.

त्यानंतरची पाच-सहा वर्षं म्हणजे नुसती ओढाताण. मुन्शीजी भाडं हाली रुपयात देत, कारण त्यांचा पगारच निजामी नाण्यात, आणि शिवलिंगप्पाला सोलापूरच्या पेढ्यांचं देणं असल्यामुळं तो कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, मागायचा. बदलून घेताना दरवेळी काहीतरी गळायचंच. आक्कांच्या पाटल्या गेल्या, माझी ठुशी गेली. मधेच गिरणीतून माझ्या यजमानांना कमी केलं आणि त्यांची मनीऑर्डर थांबली. तेव्हा आक्कांनी पुढच्या दोन्ही खोल्या एका कापडदुकानदाराला दिल्या, आमची अंथरुणं स्वयंपाकघरात आली, आणि माजघर धान्य-सामानापुरतं उरलं. चुलीच्या धगीत आम्ही चौघं निजत असू. दुपारी लेकरांना भाकरी आणि आम्हा दोघींना ताकाचं पाणी, असेही दिवस गेले. त्या दिवसांत खैरूबी फार धरून राहिल्या. त्या शिवणकाम करायच्या. माधवचे सदरे त्यांनीच उसवून मोठे केले. सोवळं-ओवळं आक्का पाळायच्या, त्यांच्या हातचं कधी खाल्लं नाही, पण लेकरांना मोकळीक होती. धाकटी नूरी तर आमच्याच अंगणात वाढली. ती आक्कांना आक्का न म्हणता 'अक्कू' म्हणायची.

मग पोलिस अॅक्शन झाली. फौज सोलापूरकडून आली, निजामी अंमल चार-पाच दिवसांत संपला, आणि त्या मागोमाग गावोगाव जे झालं ते मी इथं लिहीत नाही. मुन्शीजींना निजामाचा नोकर म्हणून धरून धाराशिवच्या तुरुंगात नेलं. आक्कांनी खैरूबींना आणि मुलींना मागच्या दारानं आत घेतलं, त्यांच्या खोल्यांना बाहेरून कुलूप घातलं, आणि आठ दिवस त्या तिघी आमच्या माजघरात, धान्याच्या कणगीमागं राहिल्या. दोनदा माणसं आली. आक्का उंबऱ्यावर आडव्या उभ्या राहून सांगायच्या, ते लोक कधीच गेले, कुलूप बघा. त्यांचा आवाज जराही हलला नाही. ओट्यावर सांगत होते ती गोष्ट ही. ती इथं संपत नाही.

मुन्शीजी तुरुंगातच राहिले. कधी सुटतील हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांचा पगार थांबला, भाडं थांबलं. खैरूबींना शिवायला कुणी कापड देईना. एक महिना गेला, दोन, तीन. पुढचा कापडवालाही दुकान उचलून बार्शीला निघून गेला. यात्रेकरूंचं तर नावच नको. शिवलिंगप्पा आला, या वेळी ओट्यावर चढून बसला. निजामी नाणं आता किती दिवस चालतंय कुणास ठाऊक, त्याच्या पेढीवाल्यांनी त्याचा गळा धरला होता. संक्रांतीपर्यंत उरलेलं सगळं द्या, नाहीतर घर लिहून द्या, असं तो मान खाली घालून म्हणाला. त्याच आठवड्यात नव्या अंमलात बदलून आलेले एक ओव्हरसियर घर शोधत आले. त्यांना परसातल्या तिन्ही खोल्या हव्या होत्या, आणि ते एका वर्षाचं भाडं कलदारात आगाऊ द्यायला तयार होते. आक्कांनी मनात मांडून पाहिलं. शिवलिंगप्पाचं तेवढ्यात फिटत होतं.

मी त्यांना म्हणाले, खैरूबींना आपण पुन्हा माजघरात घेऊ. आक्का चुलीपुढं बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. "आठ दिवसांची गोष्ट येगळी व्हती," त्या म्हणाल्या. खायची तोंडं चारची सात झाली असती, आणि जे होतं ते चौघांना पुरत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मी हट्टही धरला नाही. मलाही भूक होतीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या परसात गेल्या. मी त्यांच्या मागं होते. खैरूबी उन्हात बसून नूरीच्या केसांतून फणी फिरवत होत्या. आक्का उंबऱ्याबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या की खोल्या लागणार आहेत, आठवड्याच्या आत. खैरूबींचा हात थांबला. त्यांनी भांडण केलं नाही, मुदत मागितली नाही, त्या आठ दिवसांचं नाव काढलं नाही. फक्त विचारलं, "मुन्शीजी छुटके आए तो हमना कां ढूंडेंगे, आक्का?"

"मी सांगंन त्यांना," आक्का म्हणाल्या, आणि वळून आत आल्या.

खैरूबींचा भाऊ नळदुर्गाला होता. चौथ्या दिवशी एका गाडीवाल्याला गळ घालून त्या निघाल्या. निघण्याआधी त्यांनी दोन्ही खोल्या झाडून, सारवून दिल्या होत्या. आक्कांनी जोंधळ्याच्या पिठाची पुरचुंडी पुढं केली, ती त्यांनी घेतली. नूरी गाडीतून मागं बघत होती. आक्का मात्र गाडी हलायच्या आत घरात गेल्या होत्या. त्याच संध्याकाळी ओव्हरसियरांचं सामान आलं. संक्रांतीच्या आधी शिवलिंगप्पानं घराची कागदपत्रं आणून दिली. आम्ही त्या दिवशी गोड केलं नाही.

मुन्शीजी सुटून आले ते होळीच्या आसपास. दाढी वाढलेली, अंगात कुणाचा तरी ढगळ कोट. खोलीत परकी माणसं बघून ते परसातच उभे राहिले. आक्कांनी कबूल केल्याप्रमाणं नळदुर्गाचा पत्ता सांगितला. ते त्याच पावली गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, आणि रुमालात बांधलेले पैसे त्यांनी ओट्यावर ठेवले. चार महिन्यांचं राहिलेलं भाडं होतं ते. कुणाकडून तरी उसनं आणलेलं. आक्का नको म्हणाल्या. मुन्शीजी म्हणाले, "रख लो आक्का, हक का है." मग त्यांनी सांगितलं की धाकटी गेली. भावाचं घरही त्या धामधुमीत जळालं होतं, सगळे एका पडक्या गोठ्यात राहत होते, आणि थंडीत तिच्या छातीत कफ झाला. हे ते शांतपणे बोलले. जाताना पायऱ्या उतरून पुन्हा वळले आणि म्हणाले, यात तुमचा कसूर नाही.

ते पैसे आक्कांनी ठेवून घेतले. मी हे लिहिणार नव्हते... पण कणगीत दाणा नव्हता, आणि त्या रुमालातल्या पैशांचे जोंधळे आम्ही सगळ्यांनी खाल्ले. आक्कांनी त्या दिवशी भाकरी थापल्या, लेकरांना वाढल्या, मला वाढली, आणि स्वतः ताटावर बसून शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. डोळ्यांत पाणी नव्हतं. मला वाटतं, टाकून देण्याची मुभा त्यांनी स्वतःला दिली नाही.

दोन वर्षांनी माझे यजमान पुन्हा कामाला लागले आणि मी सोलापूरला आले. आक्का एकदा एकट्याच नळदुर्गाला जाऊन आल्या, असं माधवनं कळवलं होतं. मुन्शींचं कुटुंब तोवर गुलबर्ग्याकडं निघून गेलं होतं. त्यानंतर कुणाचा पत्ता लागला नाही. त्या तीन खोल्यांच्या भाड्यावरच माधव शिकला, पोस्टात लागला, कुसुमचं लग्न झालं. खोल्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. पण आक्कांनी पुढं आयुष्यात कुठल्या भाडेकरूला भाडं मागितलं नाही, आणि कुणाला खोली सोडा म्हटलं नाही. त्यांची एक रीत पडली होती. महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी त्या छत्री घेऊन घराबाहेर पडत आणि देवळातल्या कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्यांवर जाऊन बसत, पार ऊन चढेपर्यंत. ज्याच्याजवळ असेल त्यानं माजघराच्या कोनाड्यात ठेवून जावं, नसेल त्याला त्यांच्या समोरून जावं लागू नये. गावाला वाटायचं, बाई देवदेव करते. मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "दारात हुबं राहून इच्यारलं की माणसाला हो म्हनावंच लागतं."

दिवसकार्य उरकून मी तिथंच राहिले होते, आणि पहिली तारीख आली. मधल्या खोलीत सध्या सरकारी दवाखान्यातली एक नर्स राहते, एक लहान मुलगी आहे तिला. सकाळी ती माजघराच्या दाराशी आली, मला आत बसलेली बघून थबकली, आणि पदराचं टोक चाळवत म्हणाली, "काकू, या महिन्यात जरा..." मी तिला पुढं बोलू दिलं नाही. खुंटीवरची आक्कांची छत्री काढली, चपला घातल्या, आणि माधवला सांगितलं की ऊन चढल्यावर येते.

कल्लोळाच्या पायऱ्या अजून ओल्या होत्या. त्या कुठल्या पायरीवर बसत ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी सगळ्यात वरच्या पायरीवर बसले.