मोठ्याचं पान आधी

शाळा नववीतच सुटली. भूमहून मुरूमला मोबाईलच्या दुकानात कामाला लागलो, तेव्हा खानावळवाल्या मावशीनं पहिल्या दिवशी विचारलं, "जेवलास का रं?" तिचे उपकार मी विसरलो नाही. तसा मालकाचा पुतण्याही विसरलो नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही पत्ते खेळायचो: मी, पुतण्या आणि शेजारच्या कटलरीवाल्याची दोन पोरं. चित्रांचे पत्ते, एकेक करून जमवलेले. दोघांनी एकदम पान टाकायचं; ज्याचं आधी पडेल त्याचा वार बसला, समोरचा बाद. शेवटी दोघं उरले की जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याचं हवं ते पान घ्यायचं.

माझ्याकडे एक पान होतं, चमकता गरुड. अख्ख्या मुरूमात तसा दुसरा नव्हता. शेवटच्या डावात माझं पान आधी पडलं, हे सगळ्यांनी पाहिलं.

"सोबतच पडली," पुतण्या म्हणाला. "अन् सोबत पडली की मोठ्याचं आधी. आपल्यात मोठ्याला आधी वाढत्यात का न्हाय? मग!"

तो माझ्याहून दीड वर्षानं मोठा. नोकरी गेली तर परत भूमला काय तोंड दाखवू, या धास्तीनं मी पान त्याच्यापुढं सरकवलं. गरुड गेला. पुढं प्रत्येक डावात त्याचं पान उशिरा पडायचं, आणि सोबतच पडायचं.

मग मी माझी थोडी पानं देऊन मावशीला खेळायला बसवलं. एवढंच शिकवलं, "त्याचा हात हलला की तुम्ही टाका."

"लई सोपं हाय की," ती म्हणाली.

शेवटी ती आणि पुतण्या उरले. त्यानं पान आपटलं. मावशीनं पदर सावरला, मग निवांत आपलं ठेवलं.

"सोबतच!" दोन्ही पोरं ओरडली.

"ओ, कुठं सोबत?"

"मोठी हाय रं मी," मावशी म्हणाली. तिनं त्याची पानं पसरली आणि दोन तोंडांचा घोडा उचलला. तो त्याचा जीव होता.

"मावशी, त्यो नको, पाया पडतो. गरुड घ्या की!"

"गिधाड कशाला मला? घोडा ब्येस हाय."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी एक शब्द टाकला असता तर मावशीनं घोडा परत केला असता, आणि गरुड मला मिळाला असता.

"मोठ्या माणसाला न्हाय म्हणू नये," मी म्हणालो.

गरुड अजून त्याच्याकडंच आहे. असू दे.