सरांच्या यादीत चौथी

परदेशी विद्यापीठांच्या फॉर्मवर खरं उत्तर लिहिणारा माणूस पृथ्वीतलावर एकच उरला आहे. तो धुळ्यात देवपूरला राहतो आणि आम्हाला अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाला आहे. खरं बोलण्याचा नाद सरांना इतरांच्या तंबाखूसारखा जडलेला. सुटत नव्हता आणि त्रास घरच्यांना होता. पेपर तपासण्याचा त्यांचा नियम ठरलेला होता. शंभर मार्क देवाचे, साठ सरांचे, आणि विद्यार्थ्याने अठ्ठावन्नच्या वर जायचं नाही. लग्नात यजमानाने कौतुकाने विचारावं, 'सर, भरीत कसं झालंय?' यावर सगळी पंगत मान डोलावते. सर म्हणायचे, 'वांगं छान भाजलंय, मीठ कमी आहे, आणि जावई आळशी आहे. मी शिकवलाय त्याला.' एकदा एका माजी विद्यार्थ्याच्या दशक्रियेला गेले आणि माईकवर बोलले, 'माणूस चांगला होता, पण दोन्ही वर्षं शेवटच्या बाकावर बसला.' तेव्हापासून अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, आमंत्रण घेऊन येणाऱ्यांना आधीच बजावतात, 'यांना जेवायला बोलवा, पण काही विचारू नका.'

मी विचारलं. मी मूळची जळगावची, शिकले धुळ्याला. विद्यार्थी संघटनेत चार वर्षं पत्रकं लिहिली. शिष्यवृत्ती अडकली, लिही पत्रक. वसतिगृहाचं पाणी गेलं, लिही पत्रक. चाळीस जणांच्या मोर्चाला 'हजारोंचा जनसागर' म्हणताना माझा हात कधी कापला नाही. परदेशात अर्थशास्त्रात मास्टर्स करायचं ठरवलं तेव्हा कळलं, की आपल्या दोन शिक्षकांनी आपल्याबद्दल शिफारसपत्रं पाठवायची असतात. आपल्याकडे याची एक सोपी पद्धत आहे: 'तूच लिहून आण, मी पाठवतो.' मला शिकवून पुढे जळगावला बदली झालेल्या एका प्राध्यापकांनी तेच सांगितलं. मी स्वतःची इतकी स्तुती लिहिली, की वाचून मलाच माझ्याबद्दल आदर वाटू लागला. सोबत ऑनलाइन फॉर्म होता आणि त्यात एक प्रश्न होता. तुम्ही आजवर शिकवलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांमध्ये ही मुलगी कुठे बसते? वरच्या एक टक्क्यात, पाच टक्क्यांत, दहा की पंचवीस? प्राध्यापकांनी चहाचा कप खाली न ठेवता 'एक'वर टिचकी मारली.

दुसरं पत्र मी सरांकडे मागितलं. सरांनी प्रश्न वाचला. आयुष्यभर त्यांचं हेच चुकत आलं आहे, ते प्रश्न वाचतात. 'आजवर शिकवलेल्या सगळ्या' असं म्हटलंय ना? मग त्यांनी माळ्यावरून लोखंडी पेटी उतरवली आणि एकतीस वर्षांचे हजेरीपट, चाचण्यांचे मार्क, वर्गातल्या नोंदी असं सगळं दिवाणखान्यात पसरलं. घरात पाहुणा आला तर त्याला दारातच चहा मिळायचा. कोणत्या वर्षी पेपर सोपा होता, कोणत्या वर्षी फुटला होता, हे जमेस धरून त्यांनी सगळ्यांचे मार्क नव्याने लावायला घेतले. शंका आली की जुन्या विद्यार्थ्याला फोन. जामनेरच्या बियाण्यांच्या दुकानदाराला ऐन हंगामात विचारलं, 'मागणीच्या लवचीकतेचं ते उत्तर तू स्वतः लिहिलं होतंस ना?' तो म्हणाला, 'सर, गिऱ्हाईक उभं आहे.' सर म्हणाले, 'हो की नाही तेवढं सांग.'

पंधरा दिवस गेले. पत्र वेळेत गेलं नाही तर अर्ज बाद होणार होता, आणि घरून मला एकच वर्ष मिळालं होतं. पुढच्या वर्षी मुकाट्याने बँकेच्या परीक्षा. शेवटच्या दिवशी मी एस.टी.ने धुळ्याला पोचले ती पत्रकाच्या भाषेतच. 'सर, हा अन्याय आहे! अख्खं जग एक टक्क्यावर टिचकी मारतं!'

'मारू दे,' सर म्हणाले, आणि चिडले की ते अहिराणीवर येतात. 'खोटं लिखाले मी काय इलेक्शनमा उभा शे का?'

'मग खरं काय ते तरी लिहा!'

'तेच काढलंय. तू चौथी शेस, पोरी.'

एकतीस वर्षांत चौथी म्हणजे एक टक्क्याच्या कितीतरी आत. जळगावच्या प्राध्यापकांनी चहा पिता पिता केलं तेच सरांनी पंधरा दिवस लावून, अभिमानाने केलं: 'एक'वर टिचकी. मी सुटकेचा श्वास सोडणार, तोच त्यांनी खालच्या रिकाम्या चौकटीत लिहिलं, 'नक्की सांगायचं तर चौथी. वरच्या तिघांबद्दल मला कधी कोणी विचारलं नाही.'

'सर, ते "चौथी" खोडा. पाया पडते.'

'का? तिसरी नाहीस तू. तिसरा चोपड्याच्या गाडीवर कंडक्टर आहे. दुसरा तो बियाणेवाला. पहिली पिंपळनेरला आहे.' आणि त्यांनी बटण दाबलं. अक्का आतून म्हणाल्या, 'जेवून जा गं. आता काय व्हायचं ते झालं.'

अर्ज चार विद्यापीठांना गेला होता. तीन ठिकाणांहून नकार आले. चौथ्याने घेतलं. सरांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, 'खरं वाचूनही घेतलं म्हणजे विद्यापीठ बरं दिसतंय. जाण्याआधी पिंपळनेरला जाऊन ये.'

गेले. सरांच्या यादीतल्या पहिलीची तिथे पिठाची गिरणी आहे. भुवयांवर पीठ, पट्ट्याचा आवाज, दारात डब्यांची रांग. सरांचं नाव घेताच तिने गिरणी बंद केली, गिऱ्हाइकांना थांबवलं आणि मला खाटेवर बसवलं. 'काय काय इचारतस त्या फॉर्ममा?' मी सगळं सांगितलं. एकेक प्रश्न ती मन लावून ऐकत होती आणि मनातल्या मनात उत्तर देत होती, हे मला दिसत होतं. मग तिने विचारलं, 'सर शेवटपर्यंत अठ्ठावन्नच देत होते का?'

'त्याच्या वर कोणाला मिळालेत?' मी म्हणाले.

ती आत गेली आणि चाचणीचा एक पिवळा पडलेला पेपर घेऊन आली. कोपऱ्यात सरांच्या अक्षरात एकसष्ट. 'मी म्हटलं, सर, साठ तर तुमचे. त्यांनी नुसती मान डोलावली.'

जगात कशावरही पत्रक निघू शकतं असं मी मानत आले होते. त्या एकसष्टवर मात्र निघत नव्हतं; मी पेपर जपून घडी करून तिला परत दिला. मग बाहेर कोणीतरी डबा वाजवला, आणि तिने उठून गिरणी सुरू केली.