बिअरच्या बाटल्यांतला डेव्हलपर

कृष्णधवल फिल्म घरी धुणाऱ्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. ‘अजून मिळते?’ आणि ‘कशाला?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्याचं उत्तर देता देता आमच्या चौघांकडे किश्श्यांचा असा ढीग साठलाय, की फोटो कमी आणि गोष्टी जास्त.

चौघं म्हणजे कोण? मी महाडच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आहे. विलासचा बाजारपेठेत स्टुडिओ. कदम सर पोलादपूरचे, चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. आणि वरंधच्या वरच्या वाडीतला बाळाराम. तो मुंबईत एका फोटो लॅबमध्ये होता. लॅब बंद पडली तेव्हा गावी परतला, म्हशी घेतल्या, पण कॅमेरा सोडला नाही.

* * *

माझ्यापासूनच सुरुवात करते. फिल्म धुण्याच्या डेव्हलपरची पावडर पाण्यात विरघळवली की जे दाट द्रावण होतं, त्याला हवा सोसत नाही. बाटली अर्धी राहिली की काही दिवसांत ते चहासारखं लाल होतं, मग ओतूनच द्यायचं. म्हणून एका मोठ्या बाटलीपेक्षा गच्च भरलेल्या बारा छोट्या बऱ्या, आणि त्याही तपकिरी. तपकिरी छोट्या बाटल्या महाडात ढिगानं कुठे मिळतात? भंगारवाल्याकडे. बिअरच्या.

एका रविवारी मी त्या घासून मागच्या पडवीत उपड्या घातल्या. शेजारच्या काकू कुंपणापाशी येऊन हळू आवाजात विचारू लागल्या, “मिस्टरांच्या का गं?”

“नाही काकू, ह्यांना चालत नाही. सगळ्या माझ्याच.”

पुढे भरून झाल्यावर प्रत्येक बाटलीला रबरी बूच लावलं, लाल अक्षरांत ‘विष’ लिहिलं आणि कपाटाला कुलूप घातलं. काकूंनी त्याचाही वेगळाच अर्थ काढला. त्या वर्षी हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. मी तशीच गेले.

* * *

कदम सरांना फुकट मिळणाऱ्या वस्तूचा मोह फार. पावडर विरघळवायला गरम पाणी लागतं, हे कळल्यावर ते म्हणाले की गॅस कशाला जाळायचा, आपल्याकडे सव गावचे गरम झरे आहेत. गेले, आणि गरम पाण्याच्या कुंडातून कॅन भरून आणला. मी फोनवर सांगत होते की त्या पाण्यात गंधक आहे, क्षार आहेत, उकळून थोडं निवलेलं साधं पाणी घ्या. त्यावर सरांनी मला सुनावलं की ज्या पाण्यानं माणसाची खरूज बरी होते, त्यानं फिल्मचं काय बिघडणार?

जे बिघडायचं ते बिघडलं. संपूर्ण रोल करडा. घाटाचे छत्तीस फोटो आणि एकातही घाट नाही.

सरांनी हार मानली नाही. त्यातला एक मोठा करून फ्रेम केला, खाली ‘धुकं’ असं लिहिलं आणि बैठकीत लावला. आलेला प्रत्येक पाहुणा त्याच्यापुढे दोन मिनिटं हात मागे बांधून उभा राहतो.

* * *

विलास आणि सरांचं भांडण झालं ते ‘एकास तीन’वरून. दाट द्रावण वापरताना पातळ करायचं असतं. सर म्हणत, एक भाग द्रावण आणि वर तीन भाग पाणी, म्हणजे एकूण चार. विलास म्हणे, एकूण तीनच, म्हणजे पाणी दोनच भाग. त्याच्या वडिलांनी तसंच केलं, तोही तसंच करणार.

न्याय माझ्याकडे आला. सरांचं बरोबर होतं, मी तसं सांगितलं. विलासनं ऐकून घेतलं आणि सरळ एक रोल कापून अर्धा स्वतः धुतला, अर्धा सरांना दिला. वेळ ज्यानं त्यानं आपल्या हिशेबानं धरली. दोन्ही अर्धे छान निघाले! चुकीच्या माणसाचं चांगलं झालं की तो कायमचा हातचा जातो. विलास गेला. आजही तो एकूण तीनच करतो आणि मला विचारतो, “मग? न्यायाधीश बाई?”

* * *

एप्रिलमध्ये आमच्या नळाचं पाणी तापतं आणि फिल्मवरचा थर मऊ पडतो. विलास मासळीवाल्याकडून बर्फ आणतो. त्याच्या स्टुडिओत लग्नाच्या अल्बमलाही बांगड्याचा वास येतो. एकदा आम्ही सगळे बाळारामच्या वाडीवर गेलो. त्याची बायको यशोदा वहिनी. तिनं बाटल्या पहाटेच ओल्या फडक्यात गुंडाळून झऱ्याच्या पाण्यात ठेवल्या होत्या. मी थर्मामीटर काढेपर्यंत तिनं पाण्यात कोपर बुडवला. “तान्ह्या पोराला गार, तुमच्या फिलिमला बरं,” ती म्हणाली. थर्मामीटरनं बावीस दाखवलं. त्या दिवसापासून वाडीवरची फिल्म बाळाराम काढतो आणि वहिनी धुते.

* * *

त्या वाडीची खाली रस्त्यावर उतरणारी एक पायवाट आहे. दूध त्याच वाटेनं जातं, आजारी माणूसही. उताराची जमीन मुंबईच्या कुणीतरी विकत घेतली आणि तारेचं कुंपण घातलं. कागदावर वाट नव्हती. वाट आज मोकळी आहे, त्याच्यामागे वर्षभराच्या खेपा आहेत. त्यातल्या एका खेपेला मी वहिनीबरोबर होते.

तहसील कचेरीतल्या साहेबांना वाडीतल्या पोरांनी मोबाइलवरचे फोटो दाखवले. साहेब म्हणाले की मोबाइलवर आता काहीही बनवता येतं, हा पुरावा नाही. तेव्हा वहिनीनं पिशवीतून वहीत घातलेली निगेटिव्हची पट्टी काढली. बाळाराम मुंबईहून सुट्टीला यायचा तेव्हाची, बरीच जुनी. त्याच वाटेनं वरात उतरतेय, पुढे नवरी, मागे अख्खी वाडी.

साहेबांनी पट्टी खिडकीच्या उजेडाला धरली. बराच वेळ बघितली. मग हसले.

“बाई, यात तर सगळं काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं झालंय.”

वहिनीनं पट्टी त्यांच्या हातातून घेतली, वहीत ठेवली.

“ह्ये आमी घरी सुलटं करून आणतो सायेब,” ती म्हणाली. “तुमच्या कागदाचं तुमी बगा.”