सीटचं टोक

मी दहावीत असताना आमच्या घरात एकच सायकल होती आणि ती दोघांची होती. सकाळी बाबा तिच्यावरून भाईंदरला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात जायचे. दुपारी ते परत आले की संध्याकाळी मी तिच्यावरून शांती नगरला गणिताच्या क्लासला जायचे. आमची उंची जवळपास सारखी, त्यामुळे सीट वर-खाली करावी लागत नसे. अडचण होती सीटच्या पुढच्या टोकाची. बाबांना ते जरा उचललेलं लागायचं. तसं असलं की मागे नीट टेकून बसता येतं, असं त्यांचं म्हणणं. मला ते टोचायचं. कुठे, ते मी कोणाला सांगू शकत नव्हते. बायोलॉजीच्या पेपरात मी शरीराचे सगळे अवयव इंग्रजीत बिनधास्त लिहायचे. घरी, मराठीत, त्यातला एकही शब्द तोंडातून निघत नसे.

न सांगण्याचं आणखी एक कारण होतं. दुखतंय म्हटलं असतं तर आईने दुसऱ्याच दिवशी सायकल बंद केली असती आणि मला पुन्हा रिक्षात बसवलं असतं. पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगमधून तीन मुली एकत्र रिक्षाने क्लासला जात. सुरुवातीला मीही जायचे.

"तू इतनी चुप क्यूँ रहती है?" एक जण रोज विचारायची.

"चुप नहीं है, अंदर ही अंदर हमारा मार्क्स काट रही है," दुसरी म्हणायची, आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. त्या वाईट नव्हत्या. पण क्लासला पोचेपर्यंत मी दमलेली असायचे. सायकलवर मला कोणी काही विचारत नसे. येताना तर मी मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायचे, दुकानांच्या पाट्या वाचत, कोणाच्या गॅलरीत काय वाळत घातलंय ते बघत. दिवसभरातला तेवढाच वेळ माझा होता आणि तो मला घालवायचा नव्हता.

म्हणून मी बाबांच्या हत्यारांतला पाना कंपासपेटीशेजारी दप्तरात ठेवायला लागले. खाली पार्किंगमध्ये कोणी नाही असं बघून सीटखालचा नट ढिला करायचा, टोक दाबून खाली करायचं, नट आवळायचा आणि निघायचं. परत आल्यावर पाना जागेवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोक पुन्हा वर आलेलं असायचं. 

दिवाळीनंतर एका दुपारी बाबा सायकल हातात धरून चालत घरी आले. सीट बसल्या बसल्या डुलायला लागली होती. चहा पिताना त्यांनी आईला समजावलं, की सीटखाली एक क्लॅम्प असतो, त्याचे बारीक दाते एकमेकांत अडकतात म्हणून सीट जागेवर राहते. ते दाते झिजले होते.

"असे कसे झिजले?"

"रोज ढिलं करून."

"कोण करतंय रोज?"

बाबांनी बशीत चहा ओतला. "आम्ही दोघं," ते म्हणाले.

आईने माझ्याकडे पाहिलं. "तुला काय होतं गं त्या सीटवर?"

"काही नाही," म्हणून मी आत गेले. सायकल दुरुस्त होईपर्यंत मी रिक्षाने गेले.

रविवारी बाबा नवा क्लॅम्प घेऊन आले आणि पार्किंगमध्ये बसवायला लागले. मला खाली बोलावलं. आई भाजी घेऊन परत येत होती, ती पिशवी धरून तिथेच उभी राहिली.

"बस," बाबा म्हणाले. त्यांनी एका हाताने हँडल धरलं होतं. मी बसले. ते सीटखालच्या नटाकडे बघत होते, माझ्याकडे नाही. "पुढून टोचतं?"

मला नाही म्हणायचं होतं. आई तिथेच होती.

"हो," मी म्हटलं.

"बघा, मला वाटलंच," आई म्हणाली. "अहो, दुखतंय तर कशाला हवी तिला सायकल? रिक्षा आहे ना."

"दुखतंय म्हणून तर नट ढिला ठेवलाय," बाबा म्हणाले. मग मला म्हणाले, "बाय, उतर जरा."

त्यांनी टोक थोडं खाली केलं आणि मला परत बसवलं. "आता?"

"अजून थोडं."

"आता?"

"चालेल."

नट पक्का आवळून ते स्वतः बसले आणि पार्किंगमध्ये एक चक्कर मारून आले. "मी पुढे घसरतोय," ते आईला म्हणाले.

"मग मधे कुठेतरी लावा."

"राहू दे. मी कारखान्यापर्यंतच तर बसतो."

आई जिना चढून गेली. तिला हे पटलंय की नाही, ते मला कळलं नाही. सोमवारी सायकलची चावी खिळ्यावर नव्हती, तिच्या हातात होती. तिने ती मला दिली, पण लगेच सोडली नाही.

क्लासहून परत आले तेव्हा ती पोळ्या लाटत होती. "दुखलं?" तिने मान वर न करता विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. पण टोक खाली गेल्यामुळे सगळा भार हँडलवर येत होता.

"तिथे नाही," मी म्हटलं. "हात भरून आलेत."

आईने पोळी तव्यावर टाकली. "मग बाबांना सांग," ती म्हणाली. "उद्या निघायच्या आधी बघतील."