बाबांसाठी घेतलेले स्पीकर

काही माणसं वस्तू विकत घेतात आणि विषय संपतो. आमच्या वानखडे सरांनी स्पीकर घ्यायचं मनावर घेतलं, तेव्हापासून स्टाफरूममध्ये नुसते किस्से साचत चाललेत. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या शेपटीला दुसरा लटकलेला असतो. वाशिमच्या आमच्या शाळेत वानखडे सर गणित शिकवतात, ठाकरे सर विज्ञान आणि मी मराठी. म्हणजे स्पीकरमधलं कुणालाच काही कळत नाही, पण खरेदीला तिघंही हजर.

मुळात कारण साधं होतं. वानखडे सरांचे बाबा गावी, इंझोरीला, धाकट्या मुलाकडे, सुनीलकडे राहतात. तरुणपणी त्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती. बाबा गायचे आणि त्यांचा जिवलग दोस्त नामदेव ढोलकी वाजवायचा. दोघांनी अकोल्याच्या स्टुडिओत जाऊन एक कॅसेटही केली होती. नामदेवकाका मागच्या वर्षी गेले आणि बाबांनी बोलणं जवळजवळ टाकलंच. सरांनी ती कॅसेट पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि मोबाइलवर लावून त्यांच्या कानाशी धरली. बाबा म्हणाले, "डब्यात माशी गुणगुणून राह्यली." सरांच्या ते जिवाला लागलं. बाबांना हे गाणं एकदा नीट ऐकवायचं, मग त्यासाठी भारीतले भारी स्पीकर घ्यावे लागले तरी चालतील, असं त्यांनी ठरवलं. घरात होम थिएटर होईल, हे सरांच्या बायकोला, आमच्या वंदनावहिनींना सांगितलं ते परवानगीपुरतं.

*

अकोल्याच्या शोरूममध्ये आम्हाला एका गुबगुबीत खोलीत बसवलं. सेल्समन विचारू लागला, बास टाइट वाटतो का, आवाज वॉर्म हवा की ब्राइट. वानखडे सरांनी आणि मी दोन्हीला मान डोलावली. ठाकरे सर मात्र महिनाभर यूट्यूब पाहून तयार होऊन आले होते. डोळे मिटून ते म्हणाले, "मिड्स जरा मागं पडून राह्यले."

सेल्समन अदबीनं भिंतीकडे गेला, काहीतरी खुडबुड करून परत आला. ठाकरे सरांचा चेहरा उजळला. आता कसे मिड्स पुढे आले, स्पीकर असावा तर असा, असं बरंच काही ते बोलले. सेल्समन बिचारा संकोचून म्हणाला, "सर, मी अजून स्पीकर बदललाच नाही. पंखा बंद केला फक्त."

मग वानखडे सरांनी पेनड्राइव्ह काढला. खरखर करणारं ते गाणं ऐकून सेल्समन म्हणाला की एवढ्या जुन्या रेकॉर्डिंगवर स्पीकर कळत नाही.

"मले स्पीकर कळून काय करायचं?" सर म्हणाले. "मले बाबा कळले पाह्यजेत."

पंखा बंद केल्यावर जो आवडला होता, तोच जोड आम्ही घेतला.

*

घरी आणून लावला तर आवाज हॉलभर घुमायला लागला. कोऱ्या भिंती, चकचकीत टाइल्स, गाण्याचा एक शब्द धड ऐकू येईना. ठाकरे सरांनी नवी केबल मागवली. ती आली त्याच आठवड्यात इंझोरीहून सरांच्या वाट्याचं सोयाबीन आलं. भाव पडलेला, म्हणून पोती सोफ्यामागे हॉलमध्येच रचून ठेवली. आणि आवाज असा सुधारला की आम्ही थक्क झालो. केबलचं कौतुक करताना ठाकरे सर थकेनात.

भाव चढला, पोती बाजारात गेली आणि आवाज पुन्हा बिघडला. केबल उलटी लावून पाहिली, स्पीकर सरकवून पाहिले, टीव्हीही हलवला. वहिनी दारातून म्हणाल्या, "पोते होते तवा बरं वाजत होतं."

आम्ही हसलो. मग हसणं थांबलं. आता पोती कुठून आणायची, यावर तीन शिक्षकांची गंभीर चर्चा सुरू झाली, तेव्हा वहिनींनी कपाळावर हात मारून जास्तीच्या गाद्या काढून दिल्या. त्या आम्ही भिंतीला टांगल्या. आता येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की मुक्कामाला कोण येणार आहे.

*

एवढं सगळं झालं आणि बाबा वाशिमला यायलाच तयार होईनात. सुनीलनं फोनवर तोडगा काढला. वानखड्यांच्या घरात आंब्यापासून सोयाबीनपर्यंत सगळ्याचे दोन सारखे वाटे होतात. तो म्हणाला, "दादा, दोन हायत ना? एक इकडं येऊ द्या."

गणिताच्या सरांना हा हिशेब एकदम बरोबर वाटला! आम्हालाही वाटला, खोटं कशाला बोलू. एक स्पीकर चादरीत गुंडाळून इंझोरीला गेला, गाणं सुनीलच्या मोबाइलवर गेलं. सुनीलकडे जयंतीच्या कार्यक्रमातला जुना अँप्लिफायर होता, त्याची डावी बाजू कधीचीच बंद पडलेली. उजवीला स्पीकर जोडला. थोड्या वेळानं त्याचा फोन आला की नुसती ढोलकी वाजून राह्यली, बाबाचा आवाजच नाही. इकडे वाशिममध्ये बाबांचा आवाज खणखणीत, पण ढोलकी गायब.

इंझोरीचा स्पीकर फॉल्टी आहे, असं ठाकरे सरांनी जाहीर केलं. म्हणून आम्ही गाडीनं जाऊन अदलाबदल केली. तिकडचा इकडे, इकडचा तिकडे. तरी ढोलकी इंझोरीतच आणि आवाज वाशिमातच! आमची मती गुंग झाली. शेवटी सेल्समनला फोन लावला. त्यानं विचारलं की दोन्ही स्पीकर कुठे ठेवलेत. सर म्हणाले, "एक वाशिमले, एक इंझोरीले."

त्यानं दोन्ही गावांची नावं पुन्हा एकदा विचारून घेतली. मग त्यानं समजावलं की जुन्या रेकॉर्डिंगमध्ये गाणारा डाव्या बाजूच्या वायरला आणि वाजवणारा उजव्या बाजूच्या वायरला असायचा, म्हणून डबे बदलून फरक पडत नाही, जोडी एकाच खोलीत पाहिजे.

स्पीकर परत आणायला गेलो, तर बाबा त्याला लागूनच बसलेले. सुनील म्हणाला, स्पीकर आल्यापासून ते तिथून हलतच नाहीत. नुसती ढोलकी काय ऐकतात, त्यालाही कळेना. सरांनी वायर काढली तसे बाबा म्हणाले, "हा कायले नेता?" आणि जो माणूस इतके दिवस यायला तयार नव्हता, तो स्पीकरसोबत गाडीत येऊन बसला. चादरीवर हात ठेवून वाशिमपर्यंत आला.

*

हॉलमध्ये गाद्या टांगलेल्या होत्या. ठाकरे सरांनी बाबांची खुर्ची दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये ठेवली आणि हलू नका म्हणून बजावलं. वानखडे सरांनी गाणं लावलं. 

डावीकडून तरुण बाबा गायला लागले. उजवीकडून ढोलकी सुरू झाली. बाबांनी स्वतःच्या आवाजाकडे मान वळवूनही पाहिलं नाही. उठले, आपली खुर्ची थोडी डावीकडे ओढली आणि उजवीकडे एक खुर्ची मावेल एवढी जागा केली. वहिनी चहा घेऊन आल्या.

सरांना राहवेना. म्हणाले, "बाबा, कसा हाय आवाज?"

 बाबांनी ट्रेमधले कप पाहिले आणि वहिनींना म्हणाले, "वंदना, अजून एक कप आण. नामदेव बिनासाखरेचा पेते."