पेपरातलं भोक

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांच्यासमोरच ती घडली, तिथं माझा नाइलाज होता.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो. खाली एक काका होते, गिरणीतून निवृत्त झालेले, एकटे. दोन घरांत मिळून आमचा एकच पेपर. सकाळी सहाला तो वर माझ्याकडे यायचा आणि आठला ऑफिसला निघताना मी तो त्यांच्या दारात ठेवायचो. काका दारातच बसून आधी निधनवार्ता वाचायचे. कोण गेलं, रक्षाविसर्जन किती वाजता, हे कळल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. कोल्हापुरात लग्न चुकलं तर चालतं, रक्षाविसर्जन चुकलं तर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत.

त्याच सुमारास शहरात एक मोठं दुकान उघडलं. तिथं आपणच टोपली घेऊन फिरायचं. त्याची कूपनं पेपरात येऊ लागली आणि मला बचतीचा नाद लागला. सुरुवातीला मी कूपन असेल ते आणायचो. एकावर एक फुकट म्हणून कस्टर्डची आठ पाकिटं आणली. आमच्या घरात कस्टर्ड कुणी खात नव्हतं.

"तुमची बचत ठेवायला आता नवी फळी मारून घ्या," बायको म्हणाली.

मग मी शिकलो. जे घरात लागतं त्याचंच कूपन कापायचं. आणि घरात सगळ्यात जास्त लागायचं ते तेल. कुठलीही दहा कूपनं दुकानाच्या कागदावर चिकटवून दिली की पाच लिटरच्या कॅनवर घसघशीत सूट होती. कूपन रोज यायचं नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी मी पेपर वाचतही नसे, नुसता कापत असे.

पहिल्याच आठवड्यात काकांनी जिन्यातून हाक मारली. "काय रं, पेपराला भोक कसलं पडलंय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "उंदीर झालेत काका."

काकांनी भोकातून माझ्याकडे पाहिलं. "लई शिकलेला उंदीर हाय की! पट्टी लावून कुरतडतोय!"

मी हसलो. ते हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी स्वतःचा सापळा आणून आमच्या जिन्याखाली ठेवला, त्यात भाकरीचा तुकडा अडकवला आणि रोज सकाळी मला विचारू लागले, "घावला का?" खरं सांगायची संधी मला रोज मिळत होती. मी रोज "अजून न्हाई" म्हणत होतो आणि त्यांचा तुकडा बदलून देत होतो.

नऊ कूपनं झाली होती. त्या शनिवारी काका शहराजवळच्या उचगावला गेले. गिरणीत तीस वर्षं शेजारच्या मागावर काम केलेला त्यांचा मित्र तिथं राहायचा. महिन्यातून एकदा तंबाखूची पुडी घेऊन काका त्याच्याकडे जायचे. संध्याकाळी ते परतले ते थेट वर आले. पुडी हातातच होती.

"मंगळवारचा पेपर तू वाचलास न्हवं?"

"वाचला की."

"त्यात माझ्या दोस्ताचं हुतं?"

काका खाली बसले. मित्राच्या घरी गेले तर भिंतीला हार घातलेला फोटो. मित्र सोमवारी गेला, बुधवारी रक्षाविसर्जन झालं. पेपरात दिलं नाही म्हणून काकांनी त्याच्या पोरांना झाडलं होतं. पोरं म्हणाली, दिलं होतं. काका म्हणाले, मी रोज ओळ न् ओळ वाचतो. त्यावर मित्राची बायको म्हणाली, "नसंल यायचं तर नसंल, खोटं कशाला बोलायचं?"

"चाळीस वर्सांची दोस्ती," काका म्हणाले, "आन् मी खोटारडा ठरलो."

मी आत गेलो, कपाटातून कूपनांचा कागद आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. "काका, उंदीर मीच."

कूपनांवर तारीख नव्हती. मंगळवारचं कुठलं ते सांगता येईना. बायकोनं परातीत पाणी घेतलं आणि अख्खा कागद त्यात सोडला. एकेक कूपन सुटून वर येऊ लागलं. काका चष्मा लावून उलट बाजू वाचत होते. गुळाचे सौदे. कुस्तीचा निकाल. वधू पाहिजे. सातव्याच्या मागे मित्र होता. आडनाव कापलं गेलं होतं, चेहरा शाबूत.

"चल," काका म्हणाले.

माझ्या स्कूटरवरून आम्ही उचगावला गेलो. मित्राच्या बायकोपुढे मी ते ओलं कात्रण धरलं आणि सगळं सांगितलं.

"तेलापायी?" तिनं विचारलं.

"व्हय."

"मग घावलं का तेल?"

"न्हाई. कूपनं भिजवली."

तिनं पदर तोंडाला लावला. ती हसतेय की रडतेय ते मला कळलं नाही. मग थोरला पोरगा हसला तेव्हा कळलं. ती काकांना म्हणाली, "चुकले भावजी, खोटं म्हटलं तुमास्नी. तुमची वाट बघत अर्धा तास थांबलाव तितं. राख न भरता."

परतताना काकांनी स्कूटर गावाच्या स्मशानाकडे घ्यायला लावली. चौथरा धुऊन स्वच्छ झाला होता. काका त्याच्यापुढे उभे राहिले.

"आलो रं," ते मोठ्यानं म्हणाले. "ह्या शाण्यामुळं उशीर झाला." मग माझ्याकडे वळले. "सांग त्येला."

"कुणाला?"

"त्येला. माझ्याकडनं नगं, तू सांग."

पलीकडे एक माणूस म्हशी घेऊन चालला होता, तो थांबला. मी हात जोडून रिकाम्या चौथऱ्याला कूपनांचं सांगू लागलो. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. ऑफिसच्या पेपरातूनही दोन कापली होती, तेही सांगितलं. दुकानात एकदा वजनकाट्यावर डोळा चुकवून चार लिंबं जास्त घेतली होती, तेही सांगितलं. म्हशीवाला जवळ येऊन ऐकू लागला.

काकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बास कर लेका," ते म्हणाले. "त्येला एवढं लांबण आवडत न्हवतं."

मग त्यांनी खिशातली पुडी काढून चौथऱ्यावर ठेवली आणि ते स्कूटरकडे चालू लागले.